उजळाईवाडी ते बिरसी

लेकीला गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली त्या रात्री घरात पेढे वाटून झाले आणि मी नकाशा काढून बसले. अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवते आहे. तरी कोल्हापूर आणि गोंदिया ही नावं शेजारी शेजारी मी पाहिली होती ती एकाच ठिकाणी, स्टेशनावर उभ्या असलेल्या महाराष्ट्र एक्सप्रेसच्या डब्यावरच्या पाटीवर. लहानपणापासून ती पाटी वाचत आले. तिच्या दुसऱ्या टोकाला आपलं माणूस राहायला जाईल, असं कधी मनात आलं नव्हतं.

तेव्हापासून या वहीत अंतराची टिपणं ठेवते आहे. कधी गणित, कधी प्रवास, कधी नुसतं ऐकलेलं.

*

गणित आधी. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला, गोंदियाचा बिरसीला. उजळाईवाडी साधारण १६ अंश ४० मिनिटं उत्तर अक्षांशावर, बिरसी २१ अंश ३२ मिनिटांवर. रेखांश ७४ अंश १७ मिनिटं आणि ८० अंश १७ मिनिटं. म्हणजे पूर्व-पश्चिम फरक बरोबर सहा अंशांचा. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा असतो, पण वर सरकावं तशी रेखावृत्तं जवळ येतात. आपल्या पट्ट्यात तो १०५ किलोमीटर भरतो. सहा अंशांचे झाले ६३० च्या आसपास. दक्षिण-उत्तर अंतर ५३८. पुढचं काम पायथागोरसचं. उत्तर आलं ८३० किलोमीटर.

पृथ्वी गोल आहे, त्यामुळे खरं अंतर वक्र रेषेवर मोजावं लागतं. पण एवढ्या टप्प्यात त्या दोन उत्तरांत फारसा फरक पडत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क असतं तर पडला असता. वैमानिक हेच अंतर ४४८ सागरी मैल असं सांगेल. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाचं जवळजवळ एक मिनिट. जमिनीवरून उडणारं विमानही समुद्राच्या मापानं मोजतं, ही गोष्ट मुलांना सांगितली की वर्ग एकदम जागा होतो.

*

शाळेतल्या तीस सेंटीमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर कोल्हापूर ते गोंदिया दोन सेंटीमीटरही भरत नाही. दोरा धरून मोजलं. माझ्या अंगठ्याखाली दोन्ही गावं झाकली जातात.

*

महाराष्ट्र एक्सप्रेस हे अंतर कापायला १,३०० किलोमीटरहून जास्त धावते आणि अठ्ठावीस तासांच्या घरात वेळ घेते. दुपारी कोल्हापूर सोडायचं, दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गोंदिया. मिरज, सांगली, सातारा, पुणे, दौंड, नगर, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर. एवढं धावूनही गाडी महाराष्ट्राची हद्द सोडत नाही. रात्री नगरला कुणी उतरतं, पहाटे भुसावळला केळ्यांचा वास येतो, अकोल्यानंतर बोली बदलते. शेजारच्या बाकावरच्या बाई ‘करून राहिले’, ‘जाऊन राहिले’ म्हणायला लागल्या की विदर्भात आलो हे पाटी न वाचता कळतं.

गाडी एवढा वळसा का घेते, हे रुळांच्या इतिहासात आहे. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, ती भुसावळ-अकोल्याच्या वाटेनं. कापूस मुंबई बंदराकडं न्यायचा होता. आमच्याकडची कोल्हापूर–मिरज लाईन शाहू महाराजांच्या काळातली, १८९१ ची. ही दोन टोकं एकमेकांना जोडावीत असं तेव्हा कुणाच्या मनात असण्याचं कारण नव्हतं. नंतर आहे त्या रुळांवरून वाट काढली गेली. त्या वाटेवर माझी पोर सुट्टीला ये-जा करते.

*

दोन्ही विमानतळ तसे जुने. उजळाईवाडीची धावपट्टी राजाराम महाराजांच्या काळातली, १९३९ च्या सुमाराची. बिरसीची ब्रिटिशांनी १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत केली. एक संस्थानाच्या हौसेतून आणि दूरदृष्टीतून आली, दुसरी युद्धाच्या गरजेतून. पुढं दोन्ही ठिकाणी कितीतरी वर्षं गवतच जास्त वाढलं. कोल्हापूरला विमानसेवा सुरू व्हायच्या, बंद पडायच्या. लहानपणी ‘आपलं विमान सुरू झालं’ ही बातमी मी एकापेक्षा जास्त वेळा ऐकली आहे.

बिरसीला मात्र वैमानिक घडवणाऱ्या संस्थेची लहान विमानं उडत राहिली. लेक सांगते, धानाच्या बांध्यांत वाकलेल्या बाया त्या घरघरीकडं मान वर करूनही बघत नाहीत, इतकी ती त्यांच्या सवयीची झाली आहे. प्रवासी विमान आलं तेव्हा मात्र सगळे बघायला गेले होते.

कोल्हापूरची नवी टर्मिनल इमारत १० मार्च २०२४ ला खुली झाली. दर्शनी भागाला जुन्या राजवाड्याच्या आणि पन्हाळ्याच्या कमानींचं वळण दिलं आहे. मला ती आवडते. आपल्या गावाची इमारत आपल्या गावासारखी दिसावी.

*

कोल्हापूर–गोंदिया थेट विमान नाही. दोन्हीकडून हैदराबादला विमान आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर तिथल्या शमशाबाद विमानतळावर उतरायचं, थांबायचं, पुन्हा चढायचं. कोल्हापूर–हैदराबाद ४४५ किलोमीटर, हैदराबाद–गोंदिया ५१४. बेरीज ९५९. सरळ रेषेपेक्षा सव्वाशेच किलोमीटर जास्त. कागदावर वळसा लहानच आहे. तो किती मोठा आहे ते शमशाबादच्या बाकावर बसल्यावर कळतं.

पहिल्यांदा गेले ते जानेवारी २०२४ मध्ये. खिडकीची जागा मागून घेतली. उजळाईवाडीहून उठलो आणि पाच मिनिटांत खाली नृसिंहवाडी. पंचगंगा आणि कृष्णा एकत्र येतात ती जागा मी फळ्यावर शेकडो वेळा काढली असेल. वरून ती फळ्यावरच्या रेषेपेक्षा जास्त नागमोडी आहे, आणि दोन पाण्यांचे रंग काही अंतर वेगवेगळे वाहतात. हात जोडले गेले. मग ऊस संपला. हिरवं एकदम थांबलं आणि करडं-तांबूस रान सुरू झालं, जत-अथणीकडचं. विजापूरचा भाग आला, भीमा आली, आणि ढगांत शिरलो.

दुसरं विमान उत्तरेला जातं. गोदावरी ओलांडली की थोड्या वेळात महाराष्ट्र पुन्हा सुरू होतो, पण हा महाराष्ट्र मी वरून कधी पाहिला नव्हता. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडचं जंगल, वैनगंगेचं रुंद वाळवंट, आणि मग तळी. किती तळी! उन्हात एकेक करून चमकत होती. भंडारा-गोंदियाकडं कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव आहेत. पुस्तकात ‘मालगुजारी तलाव’ असा एक शब्द येतो आणि परीक्षेत एका गुणाचा प्रश्न येतो. त्या एका गुणामागं एवढं पाणी आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर दिसलं. शेजारचे गृहस्थ तिकडचेच होते. त्यांनी बोट दाखवून सांगितलं, ‘तो नवेगावबांध. याच भागात सारस आहे बघा, जोडीनं राहते.’

*

विमानाच्या वेळेबद्दल नीट लिहून ठेवायला हवं, कारण वर्गात मुलं नेहमी विचारतात.

एटीआर ७२ हे पंख्यांचं विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. कोल्हापूर–हैदराबाद ४४५ किलोमीटर, म्हणजे त्रेपन्न-चोपन्न मिनिटांत पोचायला हवं. वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या पुढं-मागं लिहिलेलं असतं. मधली मिनिटं जातात कुठं?

वेळापत्रकातली वेळ हवेतली नसते. चाकाखालचा ठोकळा काढल्यापासून ते दुसऱ्या गावी पुन्हा ठोकळा लावेपर्यंतची ती वेळ. त्यात धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाणं आलं. लहान विमानतळावर बहुधा त्यासाठी वेगळा रस्ता नसतो, विमान धावपट्टीवरूनच टोकाला जातं, तिथं वळतं आणि मग पळायला लागतं. वर चढताना वेग कमी असतो, उतरतानाही कमी. वाटही सरळ नसते. आकाशात पाच अक्षरी नावांचे ठरलेले बिंदू असतात, त्यांना धरून जावं लागतं. मोठ्या विमानतळाजवळ रांग असते.

शिवाय वारा. कोल्हापूरच्या धावपट्टीच्या टोकांवर ०७ आणि २५ हे आकडे आहेत, म्हणजे होकायंत्रावर साधारण ७० आणि २५० अंश. विमान वाऱ्याला तोंड देऊन उठतं आणि उतरतं. पावसाळ्यात आमच्याकडं वारा पश्चिमेचा, तेव्हा जायचं असतं पूर्वेला हैदराबादकडं आणि उठावं लागतं पश्चिमेला तोंड करून. मग वळण. चार-पाच मिनिटं तिथं गेली. परतीला हेच उलटं होतं: पूर्वेकडून येणारं विमान सरळ आत येऊन उतरतं.

ही पाच मिनिटं मला फार आवडतात. वळताना पंख कलतो आणि रंकाळा दिसतो.

*

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यामधलं विमान जगातलं सगळ्यांत छोटं नियमित उड्डाण. अंतर पावणेतीन किलोमीटर, वेळ दोन मिनिटं, वारा मागून असला तर त्याहून कमी. आठवीच्या एका मुलीनं विचारलं, ‘बाई, मग ते चालत का जात नाहीत?’ मधे समुद्र आहे, असं दुसऱ्या मुलीनंच सांगितलं. मोजताना मधे काय आहे ते विचारायचं, हे त्या दोघींनी मिळून शोधलं.

*

एटीआरची एक गोष्ट जवळून पाहिली. चढायचं दार मागं असतं, सामान पुढं. सगळे प्रवासी मागच्या पायऱ्यांवर आणि शेपटीच्या भागात जमले की विमान मागं कलू शकतं. म्हणून शेपटीखाली एक टेकू लावतात, बैलगाडीला लावतात तसा. सगळे आपापल्या जागी बसले, दार लागलं की एक मुलगा तो टेकू काढून घेतो, खांद्यावर टाकून चालायला लागतो आणि वैमानिकाला दिसेल असा बाजूला उभा राहतो. पंख वरच्या बाजूला असल्यामुळे खिडकीतून चाक दिसतं. उतरताना चाक जमिनीला लागतं तो क्षण, रबराचा निळसर धूर, सगळं हातभर अंतरावर.

*

सप्टेंबर. लेकीला डेंगी झाला. फोनवर तिचा आवाज बारीक झालेला. ‘आई, तू येऊ नकोस, सगळे आहेत इथं,’ म्हणाली. त्यावरूनच जायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशीचं विमानाचं तिकीट काढलं. सकाळी आठला घर सोडलं. ढग उजळाईवाडीवर इतके खाली आले होते की समोरची टेकडी गायब. यायचं विमानच आलं नव्हतं. लहान मार्गांवर एकच विमान दिवसभर ये-जा करतं. सकाळी कुठंतरी अडकलं की तो उशीर गावोगाव पुढं जातो. डोळ्यांनी बघून उतरायचं तर पाच किलोमीटरपर्यंत दिसावं लागतं. यंत्राची मदत जितकी चांगली, तितकं कमी दिसत असतानाही उतरता येतं. मोठ्या विमानतळाला जो पाऊस चालतो तो लहानाला चालत नाही.

विमान चार तासांनी निघालं. हैदराबादला उतरले तेव्हा गोंदियाचं विमान गेलेलं होतं. त्या दिवशी दुसरं नव्हतं. खिडकीवरच्या मुलीनं उद्याची जागा लिहून दिली. तिकीट एकच असल्यामुळे ती तरी मिळाली. दोन वेगवेगळी तिकिटं काढली असती तर दुसरं बुडालं असतं. हे इथं लिहून ठेवते, कुणाच्या उपयोगी पडेल. राहण्याची सोय मात्र कुणी केली नाही. रात्र मी बाकावर काढली. समोरच्या पाटीवर दर काही मिनिटांनी दूरदूरच्या शहरांची नावं येत होती, जात होती. तिथल्या कितीतरी शहरांत मी सकाळपर्यंत पोचले असते. गोंदियाला नाही.

वसतिगृहाच्या दारात पोचले तेव्हा दुपारचे बारा. घर सोडल्याला अठ्ठावीस तास झाले होते. महाराष्ट्र एक्सप्रेसलाही तेवढेच लागतात.

तिच्या मैत्रिणीनं, अकोल्याच्या मुलीनं, रात्रभर तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. प्लेटलेट्स वाढायला लागल्या होत्या. मी डबा उघडला, मुगाची खिचडी होती, शमशाबादच्या रात्रीतून आलेली. तिनं वास घेतला आणि म्हणाली, ‘आंबली गं.’ दोघीही हसलो आणि मग मला रडू आलं.

*

२७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून ‘उडान’ योजनेची पहिली विमानं सुरू झाली. त्याच दिवशी नांदेड–हैदराबादही सुरू झालं. तासाभराच्या, साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, विमानातल्या निम्म्या जागांना. तोटा सरकार भरून देणार, तीन वर्षं. कल्पना चांगली होती आणि अजूनही चांगली आहे. माझ्यासारखीनं विमानात पाय ठेवला तो या कल्पनेमुळेच.

पण या योजनेवरचा कॅगचा २०२३ चा अहवाल वाचला आणि आकडे वहीत उतरवून घेतले. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झाले ३७१. त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली. मार्च २०२३ मध्ये, मदत संपल्यावरही चालू असलेले मार्ग होते ५४.

७७४ मधले ५४. वर्गातल्या साठ मुलांपैकी चार-पाच पास झाली तर मी मुलांना दोष देणार नाही, आम्ही काय शिकवलं ते तपासेन. प्रत्येक बंद मार्गाच्या दोन टोकांना दोन गावं आहेत, आणि एका गावात कुणाची आई आहे, दुसऱ्यात कुणाची मुलगी. तीन वर्षांत लोकांना सवय लागते, मुलं लांब शिकायला घातली जातात, मग विमान बंद होतं. लेकीचं शिक्षण साडेचार वर्षांचं, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. तीन वर्षांची मुदत कुणाच्या आयुष्याच्या मापानं ठरवली, हा प्रश्न मला खरोखर पडला आहे.

*

१९४९ मध्ये रात्रीची टपालविमानं सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चारही नागपूरला जमायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, काही प्रवासीही विमानं बदलायचे, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. १९७३ पर्यंत हे चाललं. सुरुवातीची विमानं डाकोटा, आजच्या एटीआरपेक्षा कितीतरी हळू.

मला त्यातली जोडणी मोलाची वाटते. चौघांची गाठ पडल्याशिवाय थैल्यांची अदलाबदल पुरी होणार नव्हती, म्हणून वेळापत्रकच एकमेकांच्या वेळा बघून आखलेलं होतं. शमशाबादला माझं दुसरं विमान वेळेवर गेलं. त्याच्या हिशेबात मी नव्हते.

*

सहा अंश रेखांश म्हणजे सूर्याची चोवीस मिनिटं, एका अंशाला चार. घड्याळ दोन्ही गावांत एकच असतं, सूर्य नसतो. त्यात अक्षांशाचा फरक मिळतो: डिसेंबरात गोंदियाला कोल्हापूरपेक्षा अर्ध्या तासाहून थोडा आधी सूर्य मावळतो, जूनमध्ये जेमतेम पाव तास आधी.

हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले. कळलं ते मात्र पहिल्या डिसेंबरात. लेकीचा फोन आला. ‘आई, इथं अंधार झालाय, दिवे लागलेत.’ मी गच्चीवर कपडे काढत होते आणि माझ्या हातातल्या साडीवर ऊन होतं. मी तिला ‘थांब, बोलत राहा’ म्हणाले. तिनं मेसच्या भाताबद्दल सांगितलं, चिन्नोर तांदळाचा वास किती छान असतो ते सांगितलं, शरीररचनेच्या परीक्षेबद्दल सांगितलं. ती बोलत असतानाच ऊन खाली उतरलं आणि आमच्याही गल्लीतला दिवा लागला.

*

दिवाळीनंतर ती परत निघाली. जाताना विमान, कारण सोमवारी वॉर्डात हजर राहायचं. मोठ्या बॅगेला पंधरा किलोची मर्यादा, हातातल्या पिशवीला सात. कांदा-लसूण चटणी मोठ्या बॅगेतच घालावी लागते. तिखट हातातल्या सामानात चालत नाही, गेल्या खेपेला एक बरणी तपासणीतच राहिली. घरच्या काट्यावर बॅग सोळा किलो दोनशे ग्रॅम भरली. चकल्यांचा डबा काढून हातातल्या पिशवीत टाकला. पंधरा किलो तीनशे. मग तिनं एक जाड पुस्तक काढलं आणि म्हणाली, ‘हे तू रेल्वेनं येशील तेव्हा आण.’